रिकामं केल्याशिवाय निघत नाही

तस्लीम, तू जाऊन अजून चाळीस दिवस झाले नाहीत, तुझा चाळीसावा व्हायचाय आणि सरांनी मला आत बोलावून सांगितलं, "सुनंदा मॅडम, तस्लीम मॅडमचं फोल्डर उडवून टाका. सोमवारपासून नवीन मॅडम येतायत, त्यांना तेच मशीन द्यायचंय." उडवून टाका म्हणे! मी म्हणाले, "कुणी हात लावायचा नाही. करायचं तर मी करीन." माझा आवाज चढला असणार, कारण बाहेर बसलेल्या बायकांचं टायपिंग थांबलं. सरांचं तरी काय चुकलं? क्लास चालवायचा तर मशीन बंद ठेवून भागत नाही.

बाहेर येऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की "उडवून टाका" हे तर माझं वाक्य. इतकी वर्षं मी ते म्हणत आले आणि तू त्यावरून माझ्याशी भांडत आलीस. त्या दिवशी सरांच्या तोंडून ऐकलं आणि अंगाचा तिळपापड झाला. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, मोठ्यानं हसायचं नाही म्हणून.

तुला आठवतं का, मी ह्या क्लासमध्ये शिकायला आले होते ते? सात रस्त्याजवळचा हा जिना, वर दोन खोल्या, आणि त्यात जुनी कॉम्प्युटरं. मला वाटलेलं, चित्रांवर टिचक्या मारायच्या, झालं. तू पहिल्याच दिवशी सगळ्यांचे माऊस काढून कपाटात ठेवलेस आणि कुलूप लावलंस. समोर नुसती काळी खिडकी. त्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय. "आता ह्याला लिहून सांगायचं," तू म्हणालीस. "बोट दाखवून मागायचं वय गेलं तुमचं." मी मनात म्हटलं, ही बाई आपल्याला वेडं करणार.

आणि मग तू टायपिंगला हातच लावू दिला नाहीस. एकेकीला विचारत सुटलीस, "तुझ्या घरात शिरलं की आधी काय लागतं?" कुणी म्हणालं पुढचा सोपा, कुणी म्हणालं जिन्याखाली चपला. "त्याच्या आत?" स्वयंपाकघर. "स्वयंपाकघरात?" फडताळ. "फडताळात?" डबे. सगळ्या हसायला लागल्या. हे काय, कॉम्प्युटर शिकायला आलो का घर दाखवायला? पण दुपार व्हायच्या आत प्रत्येकीनं काळ्या खिडकीत स्वतःचं घर बांधलं होतं. घर नावाचं फोल्डर, त्यात सोपा, स्वयंपाकघर, न्हाणीघर, माळा. एमके-डिर म्हणजे खोली बांध. सी-डी म्हणजे त्या खोलीत जा. एल-एस म्हणजे आत काय काय आहे ते बघ. आणि वाट चुकलीस तर पी-डब्ल्यू-डी, म्हणजे मी कुठं उभी आहे ते सांग. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी एका दिवसात शिकवलं आणि ते घरी जाईपर्यंत डोक्यात टिकलं. त्यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती. तू डब्यातली खिमा-पोळी पुढं सरकवायचीस, मी म्हणायचे, "अगं बाई, मी खात नाही, किती वर्षं सांगू," आणि तू म्हणायचीस, "हौ, विसरले." रोज विसरायचीस. मुद्दामच, मला ठाऊक आहे.

पुढं तूच सरांना म्हणालीस, "हिला ठेवून घ्या, ही भांडून शिकवेल." तेव्हापासून आपण दोघी. एक बॅच तू पुढं, मी मागं. दुसरी बॅच मी पुढं, तू मागं. आणि मागं उभी असलेली पुढचीच्या चुका काढणार, हे ठरलेलं.

तुझे नियम म्हणजे नियम. 'इतर' नावाचं फोल्डर करायचं नाही. "स्वयंपाकघरात इतर नावाचा डबा असतो का? मग हितं कशाला?" तू विचारायचीस. मी मागनं ओरडायचे, "माझ्याकडं अख्खं फडताळ आहे इतरचं!" बायका फिदीफिदी हसायच्या. तू माझ्याकडं बघायचीसुद्धा नाहीस. "ज्याला नाव सापडत नाही," तू त्यांना सांगायचीस, "ते तुम्हाला अजून कळलेलं नाही. हातात घेऊन बसा. कळेल." बसायच्या बिचाऱ्या. एकीनं विजेचं बिल आणि सासूचा एक्सरे एकाच खोलीत टाकला होता. तू तिला तासभर बसवून ठेवलंस, शेवटी तिनं दोन खोल्या केल्या आणि म्हणाली, "मॅडम, आता डोकं हलकं झालं." मला त्या दिवशी तुझा हेवा वाटला होता. सांगितलं नाही, एवढंच.

दुसरा नियम, सरावाच्या फाइलीत काहीतरी वाचण्यासारखं पाहिजे. बाकी सगळीकडं टेस्ट एक, टेस्ट दोन अशा फाइली करून घेतात, आत रिकाम्या नाहीतर 'हॅलो' लिहिलेल्या. तुला त्याचा राग यायचा. "रिकामा डबा उघडून कुणी काय शिकतं का?" म्हणून तू प्रत्येक फाइलीत दोन-चार ओळी लिहायचीस. काळ्या खिडकीत मराठी जोडाक्षरं फुटतात, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. माळ्यावरच्या फाइलीत लेकीबद्दल लिहिलेलं, 'हितं आफरीनचा पाळणा आहे, मोडका, पण टाकवत नाही.' न्हाणीघरात, 'बंब पेटवायला अब्बा उठायचे, आता गिझर आहे, आता कुणी उठत नाही.' शिकणाऱ्या बायका फाइल उघडायच्या, वाचायच्या, एकमेकींना वाचून दाखवायच्या, आणि पुढच्या वेळी न सांगता तिथं पोचायच्या. घर सगळ्यांना पाठ व्हायचं.

ह्या वेळच्या बॅचमध्ये पद्माक्का आल्या. अशोक चौकाकडच्या, घरात अजून माग चालतो, सून नोकरीला, आणि ह्या साठीच्या घरात कॉम्प्युटर शिकायला. त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात शेंगा-चटणीची खोली बांधायला घेतली. मधे रेघ द्यायची विसरल्या, नुसती जागा सोडली. यंत्रानं दोन खोल्या बांधल्या, एक शेंगा आणि एक चटणी. पद्माक्का घाबरल्या, "मॅडम, माझी चटणी फुटली की!" तू म्हणालीस, "फुटली नाही अक्का, कुटली नाही. मधे रेघ द्या, एक होईल." तेव्हापासून क्लासमध्ये नावात कुणी जागा सोडली, की बाकीच्या ओरडायच्या, "कुटा, कुटा!" अजून ओरडतात. परवा ओरडल्या आणि मग एकदम गप्प झाल्या.

आणि तुझं ते वाक्य. नवीन बाई पहिल्यांदा खोली बांधते, एंटर मारते, आणि काळी खिडकी काहीच बोलत नाही. नुसती रेघ पुन्हा लुकलुकायला लागते. ती घाबरते. "मॅडम, काय झालंच नाही." प्रत्येक बॅचमध्ये, प्रत्येकीचं हेच. तू सांगायचीस, "काही बोललं नाही म्हणजे झालं. हे काम झालं तर गप्प बसतं. बिघडलं तरच बोलतं." आणि वर मला टोमणा, "सुनंदा मॅडमच्या उलट."

आपलं खरं भांडण शेवटच्या दिवसाचं. बॅच संपली, की तू प्रत्येकीला तिचं घर तिच्या हातानं आवरायला लावायचीस, पुढच्या बॅचला मशीन रिकामं पाहिजे म्हणून. आवरायचं ते आरएम-डिर वापरून. आणि ती आज्ञा अशी, की खोलीत काडी जरी राहिली तरी खोली निघत नाही. यंत्र म्हणतं, डिरेक्टरी नॉट एम्प्टी. तू त्याचं मराठी करायचीस, "आत कुणीतरी आहे अजून." मग बाईनं परत आत जायचं, एकेक फाइल उघडायची, वाचायची, ठेवायची असली तर पेनड्राइव्हवर घ्यायची, नसली तर काढायची, मग बाहेर येऊन खोली काढायची. मग तिच्या बाहेरची. सगळ्यात शेवटी घर. "ज्या खोलीत उभ्या आहात ती पाडू नका," हेही असायचंच, "आधी बाहेर या."

अर्धा दिवस जायचा ह्यात. मी म्हणायचे, अगं, एक आज्ञा आहे, आरएमला मागं आर लाव, अख्खं घर एका फटक्यात साफ. सगळं जग तेच करतं. उद्या ह्यांना कुणी कामाला ठेवलं तर एकेक फाइल वाचत बसल्या म्हणून हाकलून देतील. तू म्हणायचीस, "ते मी त्यांना शिकवते ना. पण शेवटी. आधी हाताला सवय लागू दे. एका फटक्याची सवय लागली, की माणूस काय फेकलं ते बघत नाही."

हे भांडण तू क्लासपुरतं ठेवलं असतंस तर ठीक होतं. माझी आई गेली तेव्हा तू माझ्याबरोबर एसटीनं करकंबला आलीस. आईची पत्र्याची पेटी मधल्या खोलीत होती. मी वहिनीला म्हटलं, गाठोडं बांधा आणि द्या कुणाला तरी, मला बघवत नाही. तू पेटीपुढं मांडी घालून बसलीस. "एकेक काढ," म्हणालीस. मी तुझ्यावर खेकसले. वहिनी बघतच राहिली, की ही पाहुणी बाई कोण आणि नणंदबाई हिला एवढं बोलतेय कशी. तू ढिम्म हलली नाहीस. संध्याकाळपर्यंत मी एकेक लुगडं काढलं, उलगडलं, घडी घातली. तू नुसती बसून होतीस. पेटीत काही निघालं नाही, लुगडी, खण आणि डांबरगोळ्या. परत येताना एसटीत मी म्हटलं, "काय मिळालं गं? पाठ तेवढी धरली." तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "रिकामी झाली ना." तेव्हा मला काही कळलं नाही. अजूनही पूर्ण कळलंय असं नाही, उगाच कशाला खोटं बोलू.

त्या दिवशीही तेच भांडण झालं. बॅच संपायला थोडे दिवस होते. मी पुढं होते आणि मी तुला न विचारता बायकांना एका फटक्याची आज्ञा दाखवली. तू मागनं म्हणालीस, "सुनंदा, आत्ता नको." मी म्हटलं, "का नको? तुझ्यासारखं एकेक भांडं विसळत बसलं तर संसार आवरायचा कधी?" तू म्हणालीस, "तुला सगळ्याचीच घाई. मागं काय राहिलं ते तू कधी बघितलंस?" आवाज दोघींचेही चढले होते. पद्माक्का एकदा तुझ्याकडं बघतायत, एकदा माझ्याकडं. हसून सोडायचं भांडण होतं आणि आपण दोघी हसलो नाही. तू तुझ्या मशीनवर जाऊन बसलीस आणि काहीतरी लिहायला लागलीस. मी पाठ फिरवून शिकवत राहिले.

मग तू मला हाक मारलीस. "सुनंदा, डोकं..." एवढंच. मी वळले तेव्हा तू टेबलावर कपाळ टेकवलं होतंस.

पद्माक्कांनी आणि मी तुला जिन्यावरून खाली आणलं. रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मागं क्लासमध्ये कुणीतरी तुला शॉक लागला समजून घाबरून मेन स्विच बंद केला आणि सगळ्या बायका खाली रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं मेंदूत रक्तस्राव. आफरीन कॉलेजमधून धावत आली. संध्याकाळी मला आत सोडलं तेव्हा तुझे डोळे अर्धे उघडे होते. तोंडावर मास्क. तुला ऐकू येत होतं का, मला अजून माहीत नाही. मी वाकून विचारलं, "तस्लीम, राग नाही ना गं माझ्यावर?" तू काही बोलली नाहीस. मी परत विचारलं. नर्सनं मला खांद्याला धरून बाहेर काढलं.

तेव्हापासून मी हेच विचारत बसले आहे. भाजी चिरताना, बसच्या रांगेत, क्लासमध्ये कुणाला तरी सी-डी समजावून सांगताना मधेच. राग धरून गेलीस का तू? भांडणं आपली रोजची होती, मान्य. पण रोजचं भांडण दुसऱ्या दिवशी डबा उघडला की संपायचं. ह्या भांडणाचा दुसरा दिवस उजाडलाच नाही.

आमच्याकडं बायका मातीला जातात. विजापूर वेशीतल्या तुझ्या घरी मला दारात थांबवलं. कुणी वाईट वागलं नाही, उलट तुझ्या नणंदेनं मला पाणी दिलं, जवळ बसवून घेतलं. पण जनाजा उचलला आणि पुरुष निघून गेले, आणि आम्ही बायका आतच. मी दारात उभी राहून गल्लीच्या वळणापर्यंत बघितलं, पुढं दिसलं नाही. तुला मातीत ठेवताना मी नव्हते. एक मूठ माती माझ्या हातून पडली नाही. घरी गेले तर आंघोळीला पाणी काढावं का नाही, हेही कळेना. आमच्या रीतीनं काढलं. तुला काय, तू हसली असतीस.

म्हणून सरांवर ओरडले. तुझं जे काही माझ्या हातानं करायचं राहिलं होतं, ते हेच एवढं होतं. आणि खरं सांगू? मला करायचंच नव्हतं. मी आफरीनला फोन करून म्हटलं, "तुझ्या अम्मीचं घर तसंच ठेवू या. मी दुसऱ्या मशीनवर हलवते. राहू दे कायमचं." मी! उडवून टाका म्हणणारी! ती म्हणाली, "खाला, अम्मी हर बॅच में सबकू खाली करने लगाती थी ना. अपना कैसा रखेगी?" तुझीच पोरगी.

शनिवारी बॅचचा शेवटचा दिवस होता. आफरीन आली, माझ्या शेजारी बसली. तुझं मशीन भिंतीवरच्या पडद्याला जोडलं. बायकांनी आपापली घरं आवरायला घेतली आणि मी तुझं. सरांनी दारातनं डोकावून बघितलं आणि दार ओढून घेतलं.

तुझ्या पद्धतीनं केलं, बाई. एकेक फाइल उघडली, मोठ्यानं वाचली. माळा. पाळण्याची ओळ आली तेव्हा आफरीन म्हणाली, "तो पाळणा अजून आहे," आणि ओढणी डोळ्याला लावली. फाइल तिच्या पेनड्राइव्हवर घेतली, मग काढली. न्हाणीघर, बंब, अब्बा. सोप्यात तू लिहिलेलं, 'हितं बसून सुनंदा चहाला नावं ठेवते आणि दोन कप पिते.' हे कधी लिहिलंस गं? बायका हसल्या. मी हसू शकले नाही. काढताना माझं बोट एंटरवर थांबून राहिलं, आणि आफरीननं माझ्या मनगटाला हात लावला तेव्हा दाबलं.

एकेक खोली निघाली. शेवटी स्वयंपाकघर राहिलं. त्यातल्या सगळ्या फाइली काढल्या, एल-एस केलं, यादी कोरी. बाहेर आले. आरएम-डिर स्वयंपाकघर. एंटर.

डिरेक्टरी नॉट एम्प्टी.

परत आत गेले. यादी कोरी. परत बाहेर. परत तेच. मला काय करायचं ते माहीत होतं, मीच शिकवते की ते. पण एका फटक्याची आज्ञा बोटांत तयार होती, तीन अक्षरं आणि काम संपलं असतं. बायका आपापलं सोडून पडद्याकडं बघत होत्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "आत कुणीतरी आहे अजून."

मग मी एल-एसच्या मागं ए लावलं. जे लपवलेलं असतं तेही दाखव, म्हणून. एक फाइल दिसली, नावाआधी टिंब. फाइल लिहिता लिहिता मधेच वीज गेली, की यंत्र तिची कच्ची प्रत अशी झाकून ठेवतं, पुढं कामाला येईल म्हणून. त्या दिवशी आपण भांडलो आणि तू जाऊन जे लिहायला बसलीस, ते होतं हे. मी तुला खाली नेत होते आणि वर कुणीतरी मेन स्विच पाडला होता.

वाटलं, माझ्याबद्दल असेल. रागानं काहीतरी लिहिलं असेल. उघडू नये असंही वाटलं. आफरीन म्हणाली, "वाचू या की खाला. न वाचता काढायचं नाही."

कच्ची प्रत उघडली. मी मोठ्यानं वाचलं.

'शेंगा-चटणी, पद्माक्कांसाठी. शेंगदाणे मंद आचेवर भाजा. घाई नको. साल पाखडून काढा. लसूण, जिरं, तिखट, मीठ. मिक्सरला लावू नका, उखळात कुटा. कुठपर्यंत कुटायचं तर'

पुढं काही नाही. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. रागाचं नाही, लोभाचं नाही. तेवढ्यात तुझं डोकं दुखायला लागलं असणार.

पद्माक्का उठून उभ्या राहिल्या. "तेल सुटंपर्यंत," त्या म्हणाल्या. "तेल सुटंपर्यंत कुटायचं की मॅडम. दुसरं काय." आणि खाली बसून रडायला लागल्या.

मी ते तुझ्या ओळीपुढं लिहिलं, तेल सुटेपर्यंत. टिंब दिलं. जतन केलं, आफरीनच्या पेनड्राइव्हवर घेतलं, एक प्रत पद्माक्कांच्या. मग फाइल काढली, झाकलेली कच्ची प्रत काढली. बाहेर आले. आरएम-डिर स्वयंपाकघर. निघालं. आणखी बाहेर आले. आरएम-डिर घर. एंटर.

काळी खिडकी काही बोलली नाही. रेघ लुकलुकत राहिली. होटगीहून येणारी एक मुलगी, उशिरा, तू गेल्यानंतर बॅचला आली होती, तिला तुझं वाक्य माहीत नव्हतं, तिनं विचारलं, "मॅडम, काय झालंच नाही व्हय?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. ते वाक्य तुझं होतं आणि आता मलाच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "काही बोललं नाही म्हणजे झालं."

म्हटलं आणि मला दवाखाना आठवला. मी दोनदा विचारलेलं आणि तू दोन्ही वेळा काही बोलली नव्हतीस. त्या मुलीनं मान डोलावली, वहीत लिहून घेतलं. तिचं समाधान झालं. यंत्राचं तसं असतं, तस्लीम. माणसाचं पण तसंच असतं का गं?